डिस्क पॅड बदलताना जाम झालेले बोल्ट कसे सोडवावेत

मोटरसायकलचे डिस्क पॅड बदलणं हे तासाभराचं काम आहे, आणि ते घरी करायला काहीच हरकत नाही. मात्र जाम झालेली पॅड पिन, म्हणजे पॅड जागेवर धरून ठेवणारी दांडी, समोर आली की तेच काम दोन दिवसांवर जातं. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत राहणारी, किंवा चार महिने पावसात भिजणारी गाडी असेल तर हे होणारच असं धरून चाला. पिन पोलादाची आणि कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अॅल्युमिनियमचा. मध्ये खारं पाणी शिरलं की अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. नुसता जोर लावल्याने ही पकड सुटत नाही, त्या जोराने पिनचं डोकं मात्र गोल होतं. म्हणून जोर सगळ्यात शेवटी लावायचा.

कॅलिपर लगेच काढू नका. घरी काम करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. कॅलिपर काढून हातात घेतला की पिनवर जोर लावायला आधारच उरत नाही. तो फोर्कवर घट्ट बसलेला असतानाच पॅड पिन आधी अर्धा आटा सैल करायची, मग कॅलिपरचे दोन बोल्ट सोडायचे. गाडी डबल स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी हँडल धरायला सांगा, कारण पान्याच्या लांब दांड्यावर (टॉमीवर) जोर दिला की गाडी कलंडू शकते. एबीएस असेल तर सेन्सरची वायर पान्याच्या वाटेत येत नाही ना, तेही पाहा.

आता सफाई. तारेच्या ब्रशने पिनच्या आजूबाजूची माती काढा. पिनच्या डोक्यातल्या षटकोनी खड्ड्यात वाळू आणि गंज साचलेला असतो, तो सुईने किंवा दाभणाने कोरून तळापर्यंत मोकळा करा. बऱ्याच गाड्यांत तिथे 5 मिलिमीटरची अॅलन की लागते, आणि ती पूर्ण आत गेली नाही तर खड्डा हमखास गोल होतो. निसिन या ब्रेक कंपनीच्या बऱ्याच कॅलिपरवर पिनच्या तोंडाशी खाचेचं एक छोटं बूच असतं, ते आधी काढावं लागतं. त्यासाठी खाच पूर्ण भरेल असा रुंद स्क्रूड्रायव्हर घ्या. काही कॅलिपरमध्ये पिनला आटे नसतातच, नुसती क्लिप असते. तिथे क्लिप काढून पिन सुंभ्याने ठोकून बाहेर काढायची.

मग गंज सोडवणारा स्प्रे. डब्ल्यूडी-40 चा साधा स्प्रे मुळात ओल हटवण्यासाठी बनला. हलक्या गंजाला तो चालतो, पण अशा पिनसाठी गंजात झिरपणारं खास पेनिट्रेटिंग ऑइल घ्या. फवारू नका, झाकणात थोडं घेऊन बारीक ब्रशने नेमकं आट्यांच्या तोंडाशी लावा. डिस्कवर आधी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. तेल लागलेल्या डिस्कवर ब्रेक लागत नाही, आणि जुने पॅड पुन्हा वापरायचे असतील तर तेल प्यायलेले पॅड फेकावेच लागतात. कॅलिपरमधल्या रबरी सीलही खनिज तेलाने फुगतात. रात्रभर मुरू द्या, मध्ये एकदा पुन्हा तेल लावा.

सकाळी अॅलन बिट पूर्ण आत बसवा आणि त्यावर हातोडीने मध्यम जोराचे आठ-दहा ठोके द्या, सरळ पिनच्या दिशेने. या हादऱ्यांनी भुकटीची पकड तुटते. घणाघाती मारू नका, ओतीव अॅल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. एल आकाराची की वाकून जोर खाते, म्हणून गोटी पान्यावर बसणारा बिट वापरा. आधी पिन किंचित आवळा, मग सोडा. आवळताना तुटलेली पकड सोडताना कामी येते. दिशा मात्र विसरू नका: बोल्टच्या डोक्याकडे पाहताना घड्याळाच्या उलट. चाकासमोर बसून फोर्कच्या मागच्या बोल्टला पाना लावला की दिशा उलटी भासते, आणि सोडायला गेलेला माणूस बोल्ट आणखी आवळून बसतो.

तरीही हलत नसेल तर उष्णता. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुपटीने फुगतं, म्हणून पिनला नाही, तिच्या भोवतीच्या कॅलिपरला तापवायचं. घरचा सर्वात सुरक्षित उपाय म्हणजे किटलीभर उकळतं पाणी हळूहळू ओतणं आणि लगेच पाना लावणं. हीट गन असेल तर आधी तेल नीट पुसून घ्या, आणि पाण्याचा थेंब चुरचुरला की थांबा. गॅसची ज्योत लावूच नका, सील जळतात आणि ब्रेक ऑइल पेट घेतं. ब्रेक क्लीनर मारलेला भागही तापवू नये. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

यानंतर हातोडीवर चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर. प्रत्येक घावाला तो दाब आणि पीळ एकदमच देतो. घरी एवढं एकच खास हत्यार घ्यायचं असेल तर माझ्या मते हेच घ्यावं.

षटकोन गोल झालाच असेल तर चांदणीच्या आकाराचा टी-30 टॉर्क्स बिट त्यात ठोकून बसवा आणि सावकाश फिरवा. बाहेर डोकं असलेल्या बोल्टला व्हाइस ग्रिप लावता येते. पण पिन आतच तुटली तर थांबा. हातातल्या ड्रिलचं टोक कडक पोलादावरून घसरून मऊ अॅल्युमिनियम खातं आणि कॅलिपर कायमचा जातो. तो काढून लेथवाल्याकडे द्या. ब्रेकच्या बाबतीत इथे हट्ट नको.

पिन निघाली की बारीक पॉलिश पेपरने घासा. तिच्यावर खड्डे किंवा पायरी पडली असेल तर नवीच घ्या, नाहीतर पॅड अडकून चाक घासत राहील. पॅड दाबणारे पिस्टन आत ढकलण्याआधी त्यांच्या कडा पुसा आणि हँडलवरच्या छोट्या टाकीतलं ब्रेक ऑइल बाहेर येत नाही ना, यावर लक्ष ठेवा. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. आट्यांवर अँटी-सीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा, पुसट थर द्या. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा, साधं नाही. कॅलिपरचे 8 मिलिमीटरचे बोल्ट साधारण 25 ते 30 न्यूटन मीटर आणि पॅड पिन 15 ते 18 इतकीच आवळतात. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. अँटी-सीझमुळे तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त आवळला जातो, म्हणून खालचा आकडा धरा.

गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा, कारण पहिल्या काही दाबांना ब्रेक लागतच नाही. ब्रेक क्लीनरने डिस्क पुसा, गल्लीत सावकाश चालवून पाहा, आणि पहिले 150 ते 200 किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा. पावसाळा संपला की दरवर्षी दसऱ्याच्या आसपास ही पिन एकदा काढून, पुसून परत लावा. पॅड बदलायचे नसले तरी.