गडगडाट ऐकू आला की वावर सोडा, थेंबाची वाट पाहू नका

विदर्भात विजांचा जोर दोनदा येतो: मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात, म्हणजे सोयाबीनची सोंगणी अन् कापसाची पहिली वेचणी सुरू असताना. दोन्ही वेळी वावर माणसांनी भरलेलं असतं.

वीज पावसाच्या दहा किलोमीटर पुढेही पडते. म्हणून लखलखाटापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा. वीज तेवढ्या किलोमीटरवर आहे. आवाज ३० सेकंदांच्या आत आला, तर हातातलं काम तिथंच टाका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परतू नका.

आसरा म्हणजे पक्कं घर किंवा काचा बंद केलेली, लोखंडी टपाची जीप. मोहाखाली, चिंचेखाली तर मुळीच थांबू नका. झाडावरची वीज खोडावरून शेजारच्या माणसावर येते, मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. उघडं टिनाचं शेड, ट्रॅक्टर, तारेचं कुंपण हेही धोक्याचेच. धानाचा रोवणा (लावणी) सुरू असेल तर आधी बांधीतल्या पाण्याबाहेर या. गडगडाट सुरू झाल्यावर पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका. मोटार चालू राहिली तर राहू द्या.

जवळ काहीच नसेल तर घोळका मोडा, एकमेकांपासून २०-२५ पावलं दूर व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा. हा शेवटचा उपाय, आसरा नव्हे. आडवं होऊ नका. दोन पायांत जितकं अंतर, तितका जमिनीतला प्रवाह अंगातून जास्त जातो; बैल-म्हशी त्यामुळेच सहज दगावतात. ढोरं झाडाला किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नका.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, बेधडक हात लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. वीज लागलेल्याला शेणात पुरायची जुनी समजूत आहे; त्यात वाचवायची मिनिटं निघून जातात.

नाल्याचं पाणी वेगळं फसवतं. इथं ऊन असताना वरच्या अंगाला पाऊस झाला की रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) बुडतो. गढूळ पाण्याखाली उखडलेला स्लॅब दिसत नाही. १५ सेंटिमीटर वेगाचं पाणी माणसाला पाडतं, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. बंडी (बैलगाडी) पाण्यात घालू नका, पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबा. वैनगंगा, वर्धेच्या काठावर धरणाचे दरवाजे उघडण्याची दवंडी किंवा मेसेज आला की आधी माणसं, मग ढोरं वर न्या; मोटार काढायला नदीत उतरू नका.

जनावर दगावलंच तर पुरण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा आणि पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या. मदतीच्या अर्जाला दोन्ही कागद लागतात.