जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेताय? बॉनेट शेवटी उघडा

कुणाच्या तरी जुन्या वाड्यात नाहीतर बंद कारखान्याच्या शेडमध्ये एमजीबी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर धूळ खात पडलीय असं कळलं की आपण तिथंच पाघळतो, आणि मालक पण हुशार, पहिलं बॉनेटच उघडतो. बघू नका.

आधी आरसी मागा. चेसिस नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या प्लेटशी स्वतः जुळवा, मूळ मालक वारले असतील तर गाडी वारसाच्या नावावर झालीय का तेही विचारा. "कागदाचं बघू नंतर, आरटीओत ओळख आहे" असं कोणी म्हणालं की चहा प्यायचा आणि निघायचं. ५० वर्षांवरची गाडी २०२१च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण मग सोलापूरच्या सात रस्ता चौकात रोज मिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

मग पत्रा, आणि खरा पैसा इथंच जातो. एमजीबीला (१९६२ ते १९८०) वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नाही, बॉडीचा जीव सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या लांब पत्र्याच्या पट्टीत. दार दोनतीनदा उघडून लावून बघा, मग सिलखालच्या जॅक पॉइंटला जॅक लावून ती बाजू हळूच उचला आणि दार परत लावा. आता अडकतंय, दाराची फट बदललीय, किंवा जॅकच करकर करत आत घुसतोय, तर वरून पेंट कितीही चकचकीत असू दे, सिल गेलीय. कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलेली (सुरुवातीच्या एमजीबीचं बॉनेट अल्युमिनियमचं असतं, तिथं घाबरू नका). कार्पेट उचलून फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचा, मालकाने तोंड वाकडं केलं तरी टोचा. स्पिटफायरला खाली चेसिस असते, तरी सिल बघायच्याच. सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, मुंबईहून आलेली असेल तर जास्त वेळ खाली वाका. आपल्या उन्हात हूड (वरचं कापडी छप्पर) आणि रबर मात्र गेलेलंच धरा.

इंजिनचं टेन्शन सगळ्यात कमी. एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन म्हणजे आपल्या जुन्या अँबेसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनचा भाऊबंदच, दोन्ही बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सिरीजचे, त्यामुळं अँबेसिडरवर हात काळे केलेला एखादा म्हातारा मिस्त्री शोधा, त्याला बरंच ओळखीचं वाटेल. जाम असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. टोचन लावून ओढत चालू करायचा नाद नको, आतलं काहीतरी मोडेल. पाने इंची घ्या, मिलिमीटरच्या पान्याने नटाचे कोपरे जातात. १९६७ आधीच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस अर्थला (गाडीच्या बॉडीला) असतो, सवयीने उलटी जोडू नका. आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप सगळे बदला, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलपुढं ते टिकत नाहीत.

पैसे द्यायच्या आधी सुटे पार्ट मोजून घ्या, ग्रिल, विंडस्क्रीनची फ्रेम, तारांच्या चाकांचे नट, बरंच काही माळ्यावर पोत्यात असतं आणि नंतर कोणाला सापडत नाही. गाडी सोलापूरजवळच मोहोळला असली तरी चालवत आणू नका, एवढी वर्षं पडलेल्या ब्रेकचा भरवसा नाही, फ्लॅटबेडच बोलवा.