मातीचा डायनोसॉर: आधी तारेचा सांगाडा

टायरॅनोसॉरस साधारण 12 मीटर लांब होता. 1:35 प्रमाणात तो होतो सुमारे 34 सेंटिमीटर. त्याच्या हाडांच्या सांगाड्याचं बाजूने काढलेलं चित्र बरोबर तेवढ्या लांबीचं छापून घ्या आणि ॲल्युमिनियमची तार त्यावर ठेवूनच वाकवा. नजरेच्या अंदाजावर गेलात तर डोकं हमखास मोठं होतं. पायांच्या तारा तळव्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवून लाकडी पाटातल्या भोकांत घट्ट बसवा. दोन पायांचा प्राणी नाहीतर मातीच्या वजनानं तोंडावर पडतो.

पोट आणि मांड्या ॲल्युमिनियम फॉइल दाबून भरा, वर पॉलिमर क्लेचा (ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीचा) पातळ, सारखा थर द्या. ओव्हनमध्ये तो एकसारखा भाजला जातो, तडे कमी जातात. साधी माती मात्र सुकताना आकसते, तारेवर ती फुटणारच.

शेपूट जमिनीला टेकवू नका, ती पाठीच्या रेषेतच मागे जाते. हातांचे तळवे एकमेकांसमोर ठेवा. खाली वळलेले तळवे दुकानातल्या खेळण्यांतही सर्रास दिसतात! खवले कोरत बसण्यात अर्थ नाही. सापडलेल्या त्वचेच्या ठशांत ते इतके बारीक आहेत, की या प्रमाणात दिसणारच नाहीत. त्यापेक्षा मानेवरच्या आणि काखेतल्या सुरकुत्यांवर वेळ घालवा.