आरसी कारचे शॉक: आधी भरणी, मग स्प्रिंग

उडीनंतर आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी चेंडूसारखी टप्पे खात असेल तर बहुतेक जण आधी स्प्रिंग बदलतात. दोष बऱ्याचदा शॉकच्या (दणका शोषणाऱ्या नळीच्या) पोटात असतो: तेल कमी किंवा तेलात हवा.

बिनतेलाचे, नुसत्या घर्षणावर चालणारे शॉक असतील तर ते ट्यून करत बसू नका, ऑइल शॉक घ्या. घेताना दोन्ही टोकांच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी दोनदा मोजा, पूर्ण उघडलेली आणि पूर्ण दाबलेली. उघडल्यावर जुन्यापेक्षा लांब असेल तर आर्म (चाक धरणारा हात) फार खाली लोंबतो आणि डॉगबोन (चाक फिरवणारी दांडी) कपातून निसटतो. दाबल्यावर लांब असेल तर चेसी जमिनीला टेकण्याआधीच शॉक संपतो आणि दणका थेट शॉक टॉवरवर (शॉकचे वरचे टोक अडकवायच्या पट्टीवर) जातो.

तेल फक्त सिलिकॉनचे. इंजिन ऑइलने ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) फुगते, शाफ्ट (शॉकची सरकती दांडी) अडकतो. बाटलीवरच्या 'वेट'पेक्षा सीएसटीचा (तेल किती घट्ट त्याच्या मापाचा) आकडा पाहा, कारण एकाचे ३० वेट दुसऱ्याच्या ३० शी जुळेलच असे नाही. १/१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या) बग्गीला ३५० ते ४०० सीएसटीपासून सुरुवात करा.

शॉक उघडताना, शाफ्टच्या टोकाचा बॉल एंड काढताना शाफ्ट नुसत्या पक्कडीत धरू नका. एक ओरखडा पुरतो, ओ-रिंग फाटते आणि गळती सुरू. पिस्टन शाफ्टवर धरून ठेवणारी बारीक ई-क्लिप उडते, म्हणून ते काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा. बसवल्यावर पिस्टन (शाफ्टवरची भोकांची चकती) वर-खाली खुळखुळत असेल तर तेवढ्या अंतरात डॅम्पिंग (हालचालीला तेलाचा अडसर) शून्य, तेव्हा बारीक शिम (पातळ वॉशर) घाला.

आता भरणी. शाफ्ट पूर्ण बाहेर ओढून शॉक उभा धरा आणि काठाच्या जरा खालपर्यंत तेल ओता. पिस्टन अगदी सावकाश वर-खाली करा, पण तेलाच्या पृष्ठभागावर येऊ देऊ नका, नाहीतर नवी हवा ओढली जाते. पिस्टनच्या भोकांतून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. ती थांबली की दहा मिनिटे उभाच ठेवा आणि वर तेल घाला. डायफ्रॅम (टोपणाखालचा रबरी पडदा) तिरका टेकवून बसवा, टोपण एक-दोन आटे फिरवा, शाफ्ट अर्धा आत ढकला, जास्तीचे तेल आट्यांतून पाझरू द्या आणि मग आवळा. आवळताना शाफ्ट जिथे होता, दाबून सोडल्यावर तो साधारण तिथपर्यंतच परत येतो. हा रिबाउंड किती हवा यावर वाद घालता येईल, पण डाव्या-उजव्या शॉकमध्ये तो सारखा हवा यावर नाही. दाबताना 'फचफच' ऐकू आली तर टोपण उघडा, हवा राहिली आहे.

डाव्या-उजव्या शॉकची लांबी कॅलिपरने जुळवा. अर्धा मिलिमीटर फरक असला तरी गाडी एका बाजूला वेगळी वळते.

बॅटरी घालून गाडी २० सेंमीवरून सोडा, ती बसेल ती खरी राइड हाइट (चेसीची जमिनीपासून उंची). मागचे डॉगबोन जवळपास आडवे दिसेपर्यंत कॉलर (शॉकवरची स्प्रिंग टेकायची कडी) फिरवा. कॉलरने उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नाही. हा गैरसमज फार जुना आहे. मग चेसी मधोमध दाबून सोडा: पुढचा-मागचा भाग एकाच वेगाने वर यायला हवा. एखादा रेंगाळला तर तिथले तेल ५० सीएसटीने पातळ करा.

खडबडीत ट्रॅकवर चाके जमीन सोडत असतील तर पातळ तेल, मऊ स्प्रिंग. उडीनंतर चेसी आपटत असेल तर तेल घट्ट करण्याआधी पिस्टन पाहा. वेगाने दाबले की बारीक भोकांतून तेल निघू शकत नाही आणि शॉक क्षणभर ताठरतो. उड्यांना हे हवे असते, छोट्या खाचखळग्यांना नको. पुढची स्प्रिंग मऊ केली की गाडी जास्त वळते. टॉवरवर शॉकचे वरचे टोक आतल्या भोकात नेले तर सुरुवातीचा दाब मऊ लागतो.

एका वेळी एकच बदल. उन्हात तेल पातळ होते, म्हणून सकाळी जमलेला सेटअप दुपारी मऊ वाटला तर स्प्रिंगला हात लावू नका, तेलच एक पायरी घट्ट घाला.