फायबरची जुनी सैनिकी ओळखचकती पाण्यात घालू नये
ब्रिटिश सैन्याने १९१६ पासून सैनिकांना गळ्यात घालायला दिलेल्या दोन ओळखचकत्या, म्हणजे हिरवी अष्टकोनी आणि तांबडी गोल, धातूच्या नसून फायबरच्या, म्हणजे दाबून कडक केलेल्या वनस्पतितंतूंच्या असल्याने पाण्यात भिजवल्यास त्या फुगतात, वाकतात आणि त्यांवर ठोकून उमटवलेले नाव, क्रमांक व धर्म पुसट होतात. म्हणून कोरड्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने केवळ धूळ झाडावी. अक्षरे दिसत नसतील, तर त्यांत खडू किंवा शाई भरण्याऐवजी विजेरीचा प्रकाश बाजूने तिरपा पाडून ती वाचावीत आणि लगेच छायाचित्र काढून ठेवावे. मूळ दोरी कितीही मळकी असली तरी मुळीच काढू नये. तीही त्या सैनिकाच्याच गळ्यातली आहे. चकती आम्लरहित कागदात गुंडाळून ऊन व दमटपणापासून दूर ठेवावी आणि पीव्हीसी या प्लास्टिकची पिशवी कटाक्षाने टाळावी.