पडसाद वेगळा, गोंगाट वेगळा: वायरलेस शिकायला घेताना

नांदेड, लातूर, संभाजीनगर, कॉलेज कोणतंही असो, ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) ओएफडीएम, म्हणजे एक सिग्नल अनेक कॅरिअरवर (वेगवेगळ्या वारंवारितांवर) वाटून पाठवायची पद्धत, आलं की बरेच जण सायक्लिक प्रीफिक्सची, म्हणजे प्रत्येक सिम्बॉलच्या (एका वेळी पाठवलेल्या तुकड्याच्या) सुरुवातीला जोडलेल्या त्याच्याच शेपटाची, व्याख्या पाठ करतात. तोंडी परीक्षेत उत्तर येतं, 'प्रीफिक्समुळे इंटरफिअरन्स जातो', आणि पुढच्या प्रश्नाला गाडी अडते. आपलाच सिग्नल डोंगरावर, भिंतीवर आदळून उशिरा आला तर तो पडसाद. दुसऱ्याचा सिग्नल येऊन मिसळला तर तो गोंगाट. 'इंटरसिम्बॉल इंटरफिअरन्स'च्या (एक सिम्बॉल पुढच्यावर चढणं) नावात इंटरफिअरन्स असला, तरी तो पडसादाचाच त्रास आहे. प्रीफिक्स फक्त पडसादावर चालतो.

विहिरीत १७ मीटर खाली पाणी असेल, तर हाक ३४ मीटर फिरून ०.१ सेकंदाने परत येते. भराभर बोललं की शब्दावर शब्द चढतो, सावकाश बोललं की कळतं. ओएफडीएममध्ये एक वेगवान प्रवाह अनेक संथ प्रवाहांत वाटला जातो, आणि प्रत्येक सिम्बॉलआधी थोडी मोकळीक ठेवली जाते; प्रीफिक्स बसतो तो याच जागेत. तिची लांबी मीटरमध्ये मोजायची सवय लावा: रेडिओ लहर १ मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. जुन्या वायफायची (८०२.११ए आणि जी) मोकळीक ०.८ मायक्रोसेकंद, म्हणजे २४० मीटर. एलटीईची (४जी मोबाइल) नेहमीची सुमारे ४.७ मायक्रोसेकंद, म्हणजे १४०० मीटर. समजा, देवगिरीच्या डोंगरावर आदळलेली लहर थेट लहरीपेक्षा ६०० मीटर जास्त चालून आली. उशीर २ मायक्रोसेकंद. एलटीई तो सहज पचवतं, ते वायफाय पचवू शकत नाही. पॉवर वाढवूनही भागत नाही, कारण पडसादही तेवढाच वाढतो.

आता हे पायथॉनमध्ये, नमपाय (गणिताची लायब्ररी) घेऊन, स्वतः करा. क्यूपीएसकेचे (चारच ठिपके वापरणारी मांडणी) ६४ बिंदू घ्या, म्हणजे प्रत्येक कॅरिअरला एक, आयएफएफटी करा (कॅरिअरवरून वेळेतल्या नमुन्यांकडे; एफएफटी याच्या उलट), शेवटचे १६ नमुने उचलून सुरुवातीला जोडा: हाच प्रीफिक्स. असे निदान शंभर सिम्बॉल एकामागे एक लावा आणि मगच चॅनेलशी (सिग्नलच्या वाटेशी) कॉन्व्हॉल्व्ह करा, म्हणजे पडसाद मिसळा. टॅप (थेट लहर आणि पडसाद, उशीर नमुन्यांत) ०, ५ आणि १२ वर. किमती १, ०.६, ०.३. प्रत्येक सिम्बॉलच्या सुरुवातीचे १६ काढून टाका, एफएफटी करा, चॅनेलच्या ६४ बिंदूंच्या एफएफटीने भागा. चार ठिपके स्वच्छ दिसले पाहिजेत. मग शेवटचा टॅप २५ वर न्या: नॉइज (रिसीव्हरमधली खरखर, दुसऱ्याचा गोंगाट नव्हे) अजिबात नसताना ठिपके विस्कटतील.

इथे हमखास तीन चुका होतात. प्रत्येक सिम्बॉल सुटा कॉन्व्हॉल्व्ह केला तर मागच्याचा पडसाद पुढच्यावर पडतच नाही, आणि त्रास खऱ्यापेक्षा कमी दिसतो. प्रीफिक्सच्या जागी शून्यं भरली तर मागचा सिम्बॉल अडतो, पण कॅरिअर एकमेकांत गळतात. शेपटाची नक्कल जोडल्यामुळेच कॉन्व्होल्यूशन वर्तुळाकार होतं आणि साधा भागाकार पुरतो. ही ओळ कागदावर सिद्ध करून पाहा, त्यात घातलेला तास वाया जात नाही. तिसरी चूक नॉइज मिसळून चुकांचा आलेख काढतानाची: नमपायचा आयएफएफटी ६४ ने भागतो, म्हणून सिग्नलची सरासरी पॉवर १८ डेसिबलने घटते. आयएफएफटीनंतर ८ ने गुणा, एफएफटीनंतर ८ ने भागा, नाहीतर आलेख चुकीचाच येणार.

एवढं जमलं की टॅप ० वर १ आणि ४ वर ०.९ ठेवा. ८, २४, ४० आणि ५६ या कॅरिअरवर चॅनेल ०.१ वर येतो. तिथे भागाकाराने नॉइजही दहापट मोठा होतो. हे कॅरिअर प्रीफिक्स वाचवू शकत नाही. त्यासाठी कन्व्होल्यूशनल कोड (चुका दुरुस्त करायला जोडलेले जादा बिट) आणि इंटरलीव्हिंग लागतं: बिट विखरून पाठवायचे, म्हणजे हरवलेले एका जागी सापडत नाहीत.

गोंगाटावरही कोडिंग कामी येतं, पण मुख्य उपाय जागा बदलण्याचा. क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर (इथे चॅनेल म्हणजे वारंवारितेचा पट्टा) सेकंदाला १६०० उड्या मारतं आणि गजबजलेली चॅनेलं टाळतं. होस्टेलात २.४ गिगाहर्ट्झचे राउटर लावताना १, ६, ११ यांपैकीच चॅनेल निवडा. ३ किंवा ४ घेतलं की १ आणि ६ दोन्हींवर अर्धवट चढाई होते.

प्रत्यक्ष रेडिओकडे वळताना ऑसिलेटरचा (वारंवारिता ठरवणारा भाग) फरक विसरू नका. दोन टोकांना विरुद्ध दिशेने २० पीपीएम (दहा लाखांत २०) चूक असली, तर २.४ गिगाहर्ट्झवर वारंवारिता ९६ किलोहर्ट्झ सरकते, आणि वायफायच्या दोन कॅरिअरमधलं अंतर आहे ३१२.५ किलोहर्ट्झ. ही दुरुस्ती एफएफटीच्या आधी करायची असते.