सीपी/एम शिकताना आधी पिप आणि स्टॅट

गॅरी किल्डॉल यांची सीपी/एम २.२ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आज सिमएचसारख्या एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) सहज चालते. शिकायला बसलात की असेंब्लर आणि डीडीटी हा डीबगर मागे ठेवा. आधी पिप आणि फायली व डिस्कची स्थिती दाखवणारी स्टॅट, या दोन आज्ञांवर हात बसवा. फायली वाचतात किंवा जातात त्या इथेच.

पिप फाइल कॉपी करते, पण डावीकडे लिहायचे ते ठिकाण आणि उजवीकडे मूळ फाइल:

पिप बी:=ए:पत्र.टीएक्सटी[व्ही]

डॉसची सवय असलेले हमखास उलटे लिहितात. मग जुनी प्रत नव्या फाइलवर चढते आणि पिप विचारतही नाही. जिच्यावर लिहायचे ती फाइल रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारी) असेल तरच विचारते, म्हणून महत्त्वाच्या फायलींना स्टॅटने आर/ओ म्हणजे रीड-ओन्ली ही खूण लावून ठेवावी. कंसातल्या व्ही मुळे लिहिलेले परत वाचून ताडले जाते. वेळ लागला तरी तो वगळू नका. कंस फाइलच्या नावाला चिकटूनच हवा.

पिप आधी $$$ एक्स्टेन्शनची तात्पुरती फाइल लिहिते आणि काम पूर्ण झाल्यावरच जुनी पुसते. म्हणजे जागा दोन्ही प्रतींना पुरेल एवढी लागते. आठ इंची सिंगल डेन्सिटी फ्लॉपीत ७७ ट्रॅक, प्रत्येकी १२८ बाइटचे २६ सेक्टर. त्यातले २ ट्रॅक सिस्टीमचे. डिरेक्टरीत नोंदी फक्त ६४. तेव्हा कॉपीआधी स्टॅट चालवून मोकळी जागा बघा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फ्लॉपी बदलताना. बीडॉस, म्हणजे सीपी/एमचा डिस्क आणि फायली सांभाळणारा भाग, डिरेक्टरीची चेकसम (पडताळणीसाठी काढलेली बेरीज) जपून ठेवतो. नव्या फ्लॉपीची चेकसम जुळली नाही की तो ती ड्राइव्ह रीड-ओन्ली करतो आणि लिहायला गेलात की ‘बीडॉस एरर ऑन बी: आर/ओ’ येते. तिथे कोणतीही की दाबली तरी वॉर्म बूट होतो, म्हणजे सिस्टीम डिस्कवरून पुन्हा भरली जाते, आणि एडिटरमध्ये न साठवलेला मजकूर जातो. म्हणून फ्लॉपी बदलली की प्रॉम्प्टवर लगेच कंट्रोल-सी दाबून स्वतःच वॉर्म बूट करा. या वॉर्म बूटला ए ड्राइव्हमधली सिस्टीम लागते, त्यामुळे ए मध्ये सिस्टीम असलेलीच फ्लॉपी हवी.

फायली पुसणारी ईआरए ही आज्ञा फक्त *.* ला ‘ऑल?’ विचारते, बाकी पॅटर्न मुकाट्याने पुसते. तोच पॅटर्न आधी फायलींची यादी दाखवणाऱ्या डीआयआरला देऊन यादी बघावी.

फाइलमध्ये लिहिलेल्या आज्ञा ओळीने चालवणारी सबमिट मात्र ए ड्राइव्हवरूनच चालवा. ती $$$.सब फाइल चालू ड्राइव्हवर लिहिते आणि सीसीपी, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा भाग, ती शोधतो ए वर. बी वरून दिलेली बॅच सुरूच होत नाही.